नदीकाठच्या पायवाटेवरील लपवलेली पेटी

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

विषय : ‘लेटरबॉक्सिंग’ या छंदाविषयी आपल्या पुरवणीतील टिपण व त्यावरील वाचकाची सूचना

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत काही आठवड्यांपूर्वी ‘लेटरबॉक्सिंग’ या परदेशी छंदाविषयी एक छोटे टिपण आले होते, आणि त्यात हा छंद म्हणजे मोबाइलवर खेळला जाणारा खजिन्याचा शोध आहे, असे वर्णन होते. त्यानंतरच्या आठवड्यात एका वाचकाने असे डबे आपल्याकडील नदीकाठच्या फिरण्याच्या व सायकलच्या रस्त्यांवरही ठेवावेत, अशी सूचना केली. मी टपाल खात्यात ३६ वर्षे नोकरी करून निवृत्त झालो आहे. त्यानंतर दोन वेळा मुलीकडे अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराजवळ राहण्याचा योग आला, तेव्हा तेथील स्कूकल नदीच्या काठच्या वाटेवर नातीचे बोट धरून (खरे तर तिनेच माझे बोट धरून) मी हा छंद केला. त्या अनुभवाच्या आधारे टिपणातील एक गैरसमज दूर करावा आणि सूचनेबाबत थोडे सावधपणाचे बोलावे, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे. ते लांबले आहे, याची मला जाणीव आहे. आपण काटछाट करालच.

पहिली गोष्ट अशी, की लेटरबॉक्सिंगमध्ये खजिना नसतोच. कोणीतरी एक पाणी न शिरणारा लहान प्लॅस्टिकचा डबा घेतो, त्यात हाताने कोरलेला रबरी शिक्का आणि एक छोटी नोंदवही ठेवतो, डबा एखाद्या वाटेपासून चार पावले आत दगडाखाली किंवा पडलेल्या ओंडक्याच्या पोकळीत लपवतो, आणि तेथवर पोहोचण्याच्या खुणा शब्दांत लिहून ठेवतो. शोधणारा स्वतःचा शिक्का, शाईची गादी आणि स्वतःची वही घेऊन निघतो. डबा सापडला, की डब्यातील शिक्क्याचा ठसा आपल्या वहीत घ्यायचा, आपल्या शिक्क्याचा ठसा डब्यातील वहीत उमटवायचा, खाली तारीख आणि आपण घेतलेले टोपणनाव लिहायचे, आणि डबा जसा होता तसा परत ठेवून निघून जायचे. काही न्यायचे नाही, काही सोडायचे नाही. मोबाइल, उपग्रह, नकाशा यांपैकी कशाचीही यात मुळात गरज नाही. आपल्या टिपणकारांनी वर्णन केलेला खेळ निराळा. त्याला जिओकॅशिंग म्हणतात, त्यात अक्षांश-रेखांश दिलेले असतात आणि डब्यातील लहानसहान वस्तूंची अदलाबदलही चालते. अमेरिकी सरकारने जागा दाखवणाऱ्या (जीपीएस) उपग्रहांच्या संकेतांत मुद्दाम ठेवलेली चूक मे २००० मध्ये काढून टाकल्यानंतर काही दिवसांतच तो सुरू झाला. लेटरबॉक्सिंग त्याहून १४६ वर्षांनी जुने आहे.

त्याची सुरुवात इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातील डार्टमूर या माळरानावर झाली. चॅगफर्ड गावचा जेम्स पेरट नावाचा एक वाटाड्या होता. १८५४ मध्ये त्याने क्रॅनमियर पूल या अत्यंत दुर्गम, दलदलीच्या जागी एक काचेची बाटली ठेवली. इतक्या लांब चालत आलेल्यांनी आपले भेटकार्ड त्या बाटलीत टाकावे, एवढाच हेतू होता. पुढे लोक तेथे स्वतःचा पत्ता लिहिलेली पोस्टकार्डे ठेवू लागले; नंतर येणाऱ्याने ती उचलून आपल्या गावाहून टपालात टाकायची आणि ती कितव्या दिवशी, कुठल्या शिक्क्याने घरी परतात, याची मूळ मालकाने वाट पाहायची. ‘लेटरबॉक्स’ हे नाव त्यावरून पडले. १८९४ मध्ये बेलस्टोन टॉर येथे दुसरी पेटी झाली, १९०५ च्या सुमारास क्रॅनमियरला भेटींची नोंदवही आली आणि १९३७ मध्ये तेथे पक्की पेटी बांधली गेली. रबरी शिक्क्यांची प्रथा नंतर रूढ झाली. या कालक्रमातील १८५४ या सालापाशी माझ्यासारखा टपाल खात्यातील माणूस थबकल्याशिवाय राहत नाही, कारण त्याच वर्षी १ ऑक्टोबरला आपल्याकडे सबंध देशासाठी एकच टपाल तिकीट आणि अंतर कितीही असले तरी पत्राला अर्ध्या आण्याचा एकच दर सुरू झाला. तिकडे एक वाटाडा चिखलात बाटली पुरत होता आणि इकडे गावोगाव पत्र पोहोचवण्याची एवढी मोठी व्यवस्था उभी राहत होती. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नाही, हे मला मान्य आहे. तरी ते साल वाचून मला बरे वाटले.

सुमारे दीडशे वर्षे हा छंद बहुतांशी डार्टमूरपुरताच राहिला. एप्रिल १९९८ मध्ये ‘स्मिथसोनियन’ या अमेरिकी मासिकात त्याच्यावर लेख आला आणि तेथून तो अमेरिकेत पसरला. मात्र डार्टमूर हे उघडे, झाडे नसलेले माळरान आहे. तेथे माणूस दिवसभर चालून एखाद्या कड्यापाशी पोहोचतो आणि आजूबाजूला बघायला मेंढ्यांखेरीज कोणी नसते. अमेरिकेत पेट्या उद्यानांत, गावाबाहेरच्या राईत आणि जुन्या लोहमार्गांवर केलेल्या नदीकाठच्या वाटांवर आल्या. जागा बदलली, तसा खेळाचा स्वभावही पुष्कळ बदलला, आणि आपल्या वाचकाची सूचना नदीकाठासंबंधी असल्यामुळे मी त्या एका नदीविषयीच जरा सविस्तर लिहितो.

या नदीच्या नावाचे इंग्रजी स्पेलिंग पाहून जो उच्चार करतो, तो परका म्हणून लगेच ओळखू येतो. तिथले लोक तिला ‘स्कूकल’ म्हणतात. नाव डच वसाहतवाल्यांनी दिलेले आहे आणि त्याचा अर्थ ‘लपलेला ओढा’ असा सांगतात. पेट्या लपवण्यासाठी याहून योग्य नावाची नदी शोधून सापडली नसती. पेनसिल्व्हेनियाच्या दगडी कोळशाच्या डोंगरांत ती उगम पावते आणि दोनशे किलोमीटरांहून थोडे अधिक वाहून फिलाडेल्फियात डेलावेअर नदीला मिळते. १८२५ पर्यंत तिच्या काठाने सुमारे १०८ मैलांचा कालवा पुरा झाला. खेचरे काठाच्या वाटेने चालत आणि दोराने कोळशाच्या नावा ओढत. मग रेल्वे आली, कालवा मागे पडला, आणि खाणींत कोळसा धुतलेले पाणी नदीत येऊन तिचा तळ काळ्या गाळाने इतका भरला, की दुसऱ्या महायुद्धानंतर तो गाळ उपसून काढण्याची मोठी मोहीम राज्याला हाती घ्यावी लागली. नंतर काही भागांत रेल्वेही हटली. आज जी चालण्याची व सायकलची वाट आहे, ती काही भागांत त्या बंद पडलेल्या लोहमार्गावरून आणि काही भागांत खेचरांच्या त्या जुन्या वाटेवरून जाते. फिलाडेल्फियाच्या मध्यवस्तीतून निघून ती मॅनायंक, कॉन्शोहॉकन, नॉरिसटाउन या एके काळच्या गिरणगावांवरून व्हॅली फोर्जच्या पुढपर्यंत सलग जाते; सबंध योजना १२० मैलांच्या आसपासची आहे आणि निम्म्याहून अधिक वाट तयार झालेली आहे. आगगाडीसाठी केलेला मार्ग असल्यामुळे चढ जवळपास नाही. माझ्या वयाच्या गुडघ्यांना तो मानवतो.

अशा वाटेवर पेटीच्या खुणा लिहिणारा माणूस या सगळ्या जुन्या गोष्टींचा उपयोग करतो, आणि शोधणाऱ्याला त्या पाहाव्याच लागतात. कालव्याच्या कोरड्या पडलेल्या दाराचे घडीव दगड, रेल्वेचा मैलांचा खांब, नसलेल्या पुलाचा उरलेला दगडी पाया, पांढऱ्या सालीचे सिकमोर झाड, अशा निशाण्या त्यात येतात. माझ्या नातीने मला वाचून दाखवलेल्या पहिल्याच खुणेत, आगगाडीच्या चालकाने जेथे शिट्टी वाजवायची त्या खांबाकडे पाठ करा, असे होते. मला तो खांब म्हणजे काय हे ठाऊक होते, तिला नव्हते. तिला इंग्रजी कोडे कळत होते, मला कळत नव्हते. त्यामुळे आमची जोडी बरी जमली. खुणा बहुधा पावलांत दिलेल्या असतात, आणि पाऊल म्हणजे नक्की किती, यावर या छंदात एकमत नाही. कोणी साधे एक पाऊल मोजतो, कोणी उजव्या पायापासून पुन्हा उजव्या पायापर्यंतच्या दोन पावलांना मिळून एक धरतो. शिवाय खुणा लिहिणाऱ्याची उंची आपल्याला माहीत नसते. नातीने आणि मी एकाच जागेवरून ४० पावले मोजली, तर ती माझ्या पुष्कळ मागे उभी राहिली.

दिशेचाही घोटाळा होतो, आणि तो आम्ही भरपूर केला. खुणांमध्ये दिशा होकायंत्राच्या अंशांत देण्याची रीत आहे. फिलाडेल्फियाच्या परिसरात होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेच्या सुमारे १२ अंश पश्चिमेकडे वळलेली असते. आपल्या महाराष्ट्रात हा फरक नगण्य असल्यामुळे तो माझ्या गावीही नव्हता. आम्ही जावयांच्या फोनवरील होकायंत्र वापरत होतो आणि त्यात खरी उत्तर निवडलेली होती. ३० मीटर अंतरावर १२ अंशांची चूक म्हणजे मूळ जागेपासून ६ मीटर बाजूला. पेटी एका दगडाखाली असताना ६ मीटर हे फार झाले. आम्ही तासभर भलताच उकिरडा उकरत होतो. दुसऱ्या दिवशी जावयांनी साधे सुईचे होकायंत्र आणून दिले, तेव्हा दहा मिनिटांत काम झाले.

रान नदीकाठचे असल्यामुळे आणखी दोन गोष्टींचा उल्लेख करणे आवश्यक वाटते, कारण त्यांची कल्पना नसलेला आपल्याकडील पाहुणा हमखास फसतो. एक तर तेथे ‘पॉयझन आयव्ही’ नावाची वेल सर्वत्र असते. तीन-तीन पानांचे झुबके, झाडावर चढलेला केसाळ बुंधा, आणि शरद ऋतूत इतका सुंदर लाल रंग, की हात लावण्याचा मोह व्हावा. तिचा चीक लागला की अंगावर पुरळ आणि फोड येतात. ही वेल आपल्या बिब्ब्याच्या कुळातील आहे, आंबा आणि काजूही त्याच कुळातील, हे कळल्यावर मला पुढचे काही समजावून सांगावे लागले नाही. बिब्बा उतलेला माणूस लहानपणी मी पाहिला आहे. दुसरी गोष्ट म्हणजे हरणांच्या अंगावरील गोचीड. तिच्या चाव्यातून लाइम नावाचा आजार होतो, आणि पेनसिल्व्हेनिया हे त्या आजाराची नोंद सर्वाधिक होणाऱ्या राज्यांपैकी एक आहे. तिचे पिल्लू खसखशीच्या दाण्याएवढे असते. त्यामुळे पायमोजे विजारीवर ओढून घेऊन जायचे आणि घरी आल्यावर सगळ्यांची अंगे तपासायची, असा आमच्या घरी नियम होता. एवढे करूनही पेट्या शोधण्यासाठी हिवाळ्याची सुरुवात सर्वांत चांगली, असे माझे मत झाले. पाने झडलेली असतात, वेली सुकलेल्या असतात आणि नदी सगळीकडून दिसते.

सापडलेल्या पहिल्या पेटीचे वर्णन केल्याशिवाय पुढे जाववत नाही. सिकमोरच्या मुळांच्या मागे एक चपटा दगड होता, तो उचलल्यावर खाली सालींचे तुकडे मुद्दाम रचलेले दिसले, आणि त्यांच्या खाली झाकणाचा डबा. आत पिशवीत पिशवी, त्यात वही. मी नोकरीत हजारो शिक्के पाहिले आहेत. सकाळी कार्यालय उघडले, की आदल्या दिवशीची तारीख काढून नवी बसवायची आणि पहिला ठसा वहीत उमटवून मगच कामाला लागायचे, हा क्रम मी वर्षानुवर्षे पाळला. त्या लहानशा वहीतही तसेच ठशांखाली ठसे होते. घुबड, चहाची किटली, एका जोडप्याच्या दोन शिक्क्यांतून पुरा होणारा पूल, कुत्र्याचा खराखुरा पंजा. खाली तारखा. जानेवारी-फेब्रुवारीत कोणी फिरकलेले नव्हते, एप्रिलच्या एका रविवारी तीन वेगवेगळी कुटुंबे येऊन गेली होती. कोणाचेही खरे नाव नव्हते, आणि ते शोधायचेही नसते. एखाद्या खेडेगावच्या टपाल कचेरीची जुनी वही चाळताना गावाची वर्दळ जशी डोळ्यांसमोर येते, तसे मला झाले.

आमचाही शिक्का हवा म्हणून नातीने तो घरीच कोरला. यासाठी रबराचा मऊ तुकडा मिळतो; साधे खोडरबरही चालते. तिला माझी नोकरीतील लाल सायकल आणि खाली ‘टपाल’ हा शब्द हवा होता. कागदावर उमटताना सगळे उलटे होते, हे तिला ठाऊक होते, आणि इंग्रजी अक्षरे ती आरशातल्यासारखी सहज काढत होती. परंतु देवनागरी उलटी लिहिताना काना आधी की अक्षर आधी, यात ती गोंधळली आणि पहिला ठसा ‘लपाट’ असा उमटला. दुसऱ्या खेपेस जमला. तो पहिला मी जपून ठेवला आहे. आपल्या खात्यातही पर्यटनस्थळांच्या कचेऱ्यांत चित्रांचे खास शिक्के असतात आणि ते गोळा करणारे लोक दूरदुरून पाकिटे पाठवतात. तेव्हा ठशासाठी पायपीट करणे हे आपल्याला अगदीच परके आहे, असे नाही.

आता ज्या मुद्द्यासाठी मी हे पत्र लिहायला घेतले, त्याकडे येतो. या छंदाची सगळी भिस्त शोधणाऱ्यावर नसून परत ठेवणाऱ्यावर आहे, आणि हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. मॅनायंकच्या पुढे एका ठिकाणी आम्हाला एक सुरेख पेटी सापडली होती. आत कालव्यातल्या खेचराचा शिक्का होता, इतका बारीक कोरलेला, की लगामही दिसत होता. वाटेवर सायकलींची सारखी ये-जा होती. या वाटा दहा-बारा फूट रुंद असतात, मागून येणारा सायकलस्वार ‘तुमच्या डावीकडून येतोय’ असे ओरडून पुढे जातो, आणि कोणाच्या देखत पेटी काढायची किंवा ठेवायची नाही, हा तर पहिला नियम. त्यामुळे आम्ही बुटाची नाडी बांधण्याचे सोंग करत वाट मोकळी होण्याची वाट पाहत होतो. मोकळीक मिळताच मी घाईघाईने डबा बंद केला आणि दगडाखाली सारला. पंधरा दिवसांनी मुलीच्या एका मैत्रिणीला ती पेटी दाखवायला गेलो, तेव्हा आतल्या पिशवीचा कोपरा झाकणात अडकलेला दिसला. त्या फटीतून पाणी शिरले होते. वही फुगून पाने एकमेकांना चिकटली होती आणि कित्येक वर्षांच्या ठशांची शाई एका निळ्या डागात मिसळली होती. तो कोपरा माझ्याच हातून राहिला होता. मधल्या काळात कोणी आले असल्याची नोंद वहीत वाचता येत नव्हती, म्हणून मी दोष दुसऱ्यावर ढकलू शकलो असतो, पण नातीला सगळे आठवत होते. आम्ही डबा पुसला, शिक्का वाळवला, नवी पिशवी घातली आणि पेटी ठेवणाऱ्याला त्याच्या टोपणनावावर निरोप पाठवला. वही आम्ही बदलली नाही, कारण ती आमची नव्हती. त्याचे उत्तर सौम्य होते. आयुष्यभर लोकांची पत्रे ओली होऊ नयेत म्हणून पावसात थैलीवर मेणकापड टाकणाऱ्या माणसाला ते सौम्य उत्तरच जास्त लागले.

नदीकाठच्या पेटीचा दुसरा शत्रू म्हणजे नदीच. सप्टेंबर २०२१ मध्ये आयडा वादळाच्या अवशेषांनी पेनसिल्व्हेनियात पाऊस ओतला आणि २ सप्टेंबरला फिलाडेल्फियात स्कूकलचे पाणी १६ फुटांच्या वर चढले; शंभरहून अधिक वर्षांत तेथे इतके पाणी आले नव्हते. शहरातून जाणारा खोलगट महामार्ग कालव्यासारखा भरला, काठावरील वाट चिखलाखाली गेली. त्या पुरात काठालगतच्या किती पेट्या वाहून गेल्या असतील, याची कल्पनाच केलेली बरी. आम्हाला एका ठिकाणी फक्त झाकण सापडले, तेही मुळात सांगितलेल्या दगडापासून पुष्कळ खाली, ओढ्यात अडकलेल्या काटक्यांत. वाहून गेलेली पेटी म्हणजे नदीत आणखी एक प्लॅस्टिकचा डबा. म्हणून अनुभवी लोक पेटी वाटेच्या नदीकडील बाजूस ठेवतच नाहीत. डोंगराकडील बाजूस, जुन्या लोहमार्गाच्या भरावाच्या वर ठेवतात, आणि वर्षातून एकदोनदा स्वतः जाऊन पाहतात. ज्याला वर्षातून दोनदा जाणे जमणार नाही, त्याने पेटी ठेवू नये, असे मला वाटते.

परवानगीचाही प्रश्न आहे. या वाटेलगतचे व्हॅली फोर्ज हे राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान आहे; १७७७-७८ च्या हिवाळ्यात जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या सैन्याचा तळ तेथे होता. अशा संघराज्याच्या जमिनीवर परवानगीशिवाय वस्तू ठेवून जाता येत नाही, जमीन उकरता येत नाही. वाटेचा पुढचा तुकडा जिल्ह्याचा, त्यापुढचा एखाद्या गावाचा, मधला एखाद्या संस्थेचा, असे असते, आणि कुठे उभे आहोत हे शोधणाऱ्याला कळत नसले तरी ठेवणाऱ्याला कळलेच पाहिजे. डार्टमूरवर पुरातन अवशेषांत किंवा दगडी भिंतींत पेटी ठेवू नये, ती बसवण्यासाठी सिमेंट वापरू नये, असे संकेत आहेत, आणि ते अनुभवाने आलेले आहेत. एकाने भिंतीतला एक दगड हलवला, की पुढचे पन्नास जण सगळी भिंत हलवून पाहतात. दुसरीकडे, सरकारचा हात लागला की छंद मरतो, असेही म्हणता येत नाही. कनेक्टिकट राज्यात तेथील वनखात्यानेच राज्याच्या जंगलांत पेट्या ठेवल्या आहेत आणि त्यांच्या खुणा खातेच लोकांना देते.

आपल्या वाचकाच्या सूचनेबाबत मला जे म्हणायचे आहे, ते यातूनच येते. आपल्याकडील नद्यांना चार महिने जे पाणी येते, त्यापुढे नदीपात्रालगतच्या वाटेवर ठेवलेली कोणतीही पेटी एक पावसाळाही टिकणार नाही. आपल्या जलसंपदा खात्याने निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखलेल्या असतात, साधारण २५ वर्षांतून आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या. पेटी ठेवायचीच असेल, तर निदान निळ्या रेषेच्या वर ठेवावी. दुसरे असे, की आपल्या बसस्थानकांवर आणि रेल्वे फलाटांवर बेवारस वस्तूंना हात लावू नका, असे ध्वनिक्षेपकावरून दिवसभर सांगितले जाते, आणि ते योग्यच आहे. झुडपात सापडलेला बंद डबा पाहून कोणी पोलिसांना बोलावले, तर तो शहाणाच म्हणायचा. त्यामुळे डबा पारदर्शक असावा, त्यावर आत काय आहे आणि कोणाच्या परवानगीने ठेवले आहे, हे मराठीत ठळक लिहिलेले असावे, आणि पूल, घाट, मंदिर, पंपघर यांच्या आसपास तो मुळीच नसावा. जुन्या घाटांच्या दगडांतही नको. एवढे पाळून एखाद्या शाळेने किंवा गिर्यारोहण मंडळाने चार-पाच पेट्या वर्षभर सांभाळून पाहाव्यात. मात्र महापालिकेने निविदा काढून शंभर पेट्या बसवाव्यात, प्रत्येकीला क्रमांक व फलक लावावा आणि पहिल्या पेटीचे उद्घाटन व्हावे, असे कृपया कोणी सुचवू नये. फलक लावलेली पेटी शोधायची कशाला? आणि तिचा फलक आधी चोरीला जाईल, पेटी मागाहून.

नातीच्या आणि माझ्या वहीतील एका पानाची प्रत या पत्रासोबत जोडली आहे. तीत वर उल्लेख केलेल्या खेचराचा, पाणी शिरण्यापूर्वी घेतलेला ठसा आहे. ती केवळ आपल्या माहितीसाठी आहे. पत्र छापले, तरी तो ठसा कृपया छापू नये. ती पेटी, माझ्या माहितीप्रमाणे, अजून जागेवर आहे, आणि पेटीतला ठसा इतरांना आधी दाखवायचा नाही, असा या लोकांचा दंडक आहे. आपले वृत्तपत्र तिकडच्या मराठी घरांतही वाचले जाते, हे मला ठाऊक आहे.

कळावे,
आपला विश्वासू,
एक निवृत्त टपाल कर्मचारी,
सातारा